सेकंदकाटा का अडखळतो? मशीन उघडण्याआधीची पारख आणि मग दुरुस्तीचा क्रम

चावीच्या किंवा ऑटोमॅटिक घड्याळाचा सेकंदकाटा मध्येच थबकतो, दीड-दोन सेकंद उभा राहतो आणि एकदम उडी घेऊन पुढे जातो. हात हलवला की थरथरतो. अशा घड्याळाचं सांगली-मिरजेत बहुधा दोनपैकी एक होतं. एक तर पूर्ण सर्व्हिसिंगचे पैसे दिले जातात आणि काटा होता तसाच अडखळत परत येतो. नाही तर घरीच मागचं झाकण उघडून मशीनवर शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब सोडला जातो, आणि वेळ बरोबर दाखवणारं घड्याळ महिन्याभरात मागे पडायला लागतं. दोन्ही ठिकाणी चूक एकच आहे: दोष कुठे आहे हे न पाहता हात घातला गेला.

आधी एकाच प्रश्नाचं उत्तर मिळवा. काटा अडखळतोय, पण घड्याळ वेळ चुकवतंय का? वेळ बरोबर असेल तर दोष सेकंदकाट्यापुरता आहे. वेळ चुकत असेल तर काटा फक्त आतल्या आजाराची बातमी देतोय. या दोन्हींचे उपाय पूर्ण वेगळे आहेत.

## १. हे अडखळणंच आहे ना?

यांत्रिक घड्याळाचा सेकंदकाटा कधीच पूर्ण सलग सरकत नाही, तो बारीक टप्प्यांनी जातो. एचएमटी जनतासारखं ताशी १८,००० ठोक्यांचं घड्याळ सेकंदाला पाच टप्पे घेतं. २१,६०० ठोक्यांचं मशीन सहा आणि २८,८०० चं आठ. त्यामुळे जनताचा काटा शेजारच्या नव्या स्विस घड्याळापुढे खडबडीत दिसतो, आणि त्यात काही बिघडलेलं नसतं. डोळ्याला भिंग लावून बघा. टप्पे एकसारखे असतील तर पुढचं काही करू नका.

काटा सेकंदाला एकच ठोका घेत असेल तर घड्याळ जवळजवळ नक्की क्वार्ट्झचं आहे. असा काटा दोन-दोन किंवा चार-पाच सेकंदांच्या उड्या मारू लागला तर सेल संपत आलाय. सेल बदला.

क्रोनोग्राफचा मोठा सेकंदकाटा बटण दाबताक्षणी थोडा उडतो किंवा किंचित थरथरत धावतो. त्याची रचना निराळी असते. पुढच्या पायऱ्या त्याला लावू नका.

## २. झाकण न उघडता करायची पारख

या टप्प्याला दोन दिवस द्या. सगळ्यात जास्त घाई इथेच होते, आणि दुरुस्ती फसण्याचं मूळही बहुतेक वेळा इथेच सापडतं.

चोवीस तासांची चाचणी. पूर्ण चावी द्या. ऑटोमॅटिक असेल तर चावी चाळीसेक वेळा फिरवा. मोबाईलच्या वेळेशी मिळवा आणि डायल वर करून घड्याळ टेबलावर ठेवा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी फरक लिहून घ्या. मियोटा ८२१५ या मशीनला कंपनीनेच दिवसाला उणे २० ते अधिक ४० सेकंदांची मुभा दिलेली आहे. जुन्या एचएमटीत अर्ध्या मिनिटाच्या आसपासचा फरक चिंतेचा नाही. घड्याळ या मर्यादेत असेल आणि तरीही काटा अडखळत असेल, तर टप्पा ४ ते ७ तुमच्यासाठी आहेत. दिवसाला काही मिनिटं मागे पडत असेल तर काटे, डायल आणि चुंबक तपासून थेट टप्पा ८ वर जा.

उलटं-सुलटं धरून बघा. आता घड्याळ उभं धरा, १२ चा आकडा वर. दोन-तीन मिनिटं नुसतं बघा. मग ६ चा आकडा वर करून पुन्हा बघा. काट्याच्या दात्यांमध्ये मोकळीक असेल तर असं दिसतं: टोक वर चढताना काटा नीट चालतो. शिखर ओलांडल्यावर स्वतःच्या वजनाने तो जरासा पुढे पडतो, म्हणजे उडी. तळ ओलांडल्यावर वजन त्याला मागे ओढतं आणि चाक गाठेपर्यंत तो थांबतो, म्हणजे थबकणं. काट्याची शेपूट टोकापेक्षा जड असेल तर हेच उलटं दिसेल. महत्त्वाची खूण अशी की घड्याळ फिरवलं की अडखळण्याची डायलवरची जागा बदलते. जागा बदलली तर मोकळीक. नेहमी त्याच आकड्याला थांबत असेल तर काहीतरी घासतंय किंवा दाता खराब आहे.

किती वेळाने पुन्हा होतं ते मोजा. चाकांच्या फेऱ्या ठरलेल्या असतात, त्यामुळे कालावधीवरून चाक ओळखता येतं.

- दर ५ किंवा ६ सेकंदांनी: एस्केप व्हील (ठोक्यागणिक एकेक पाऊल सरकणारं शेवटचं चाक). पंधरा दात्यांचं एस्केप व्हील १८,००० ठोक्यांच्या घड्याळात ६ सेकंदांत फेरी पुरी करतं, २१,६०० मध्ये ५ सेकंदांत.
- दर मिनिटाला त्याच आकड्यावर: चौथं चाक (मिनिटाला एक फेरी करणारं), किंवा डायलवर काटा घासतोय.
- दर सात-आठ मिनिटांनी थोडा वेळ गोंधळ, मग पुन्हा ठीक: तिसरं चाक, किंवा त्याच्या आसावर बसवलेलं सेकंदाचं चाक वाकडं आहे.
- तासातून एकदा, मिनिटकाट्याच्या जवळ आल्यावर: दोन काटे एकमेकांना लागतायत.
- रात्री दहा ते एकच्या दरम्यान: तारीख बदलण्याचा भार मशीनला पेलत नाही. ताकद कमी आहे.
- कधीही, विशेषतः बाईकवर किंवा हात झटकल्यावर: मोकळीक आणि ब्रेकस्प्रिंग (काट्याला आवरणारी पातळ पट्टी, टप्पा ५).

चुंबक. साधं होकायंत्र टेबलावर ठेवून घड्याळ हळू त्याच्याजवळ न्या. सुई हलली आणि घड्याळ दिवसाला मिनिटांनी पुढे जात असेल तर हेअरस्प्रिंगचे (झुलणाऱ्या बॅलन्स चाकाच्या बारीक गुंडाळलेल्या स्प्रिंगचे) वेढे एकमेकांना चिकटतायत. कुपवाड-मिरजेच्या एमआयडीसीत मोटारी आणि वेल्डिंगच्या आसपास काम करणाऱ्यांच्या घड्याळात हे वारंवार दिसतं. चुंबकी झाकणाच्या मोबाईल कव्हरनेही होतं. डीमॅग्नेटायझरचं बटण दाबून धरा, घड्याळ त्यावरून हळूहळू हातभर लांब न्या आणि मगच बटण सोडा. घड्याळ जवळ असताना बटण सोडलं तर चुंबक आणखी बसतं.

> तपासा: पुढे जाण्याआधी कागदावर चार गोष्टी लिहिलेल्या हव्यात. २४ तासांतला फरक, अडखळण्याची जागा बदलते की नाही, किती वेळाने होतं, आणि चुंबक आहे की नाही. यातली एक जरी राहिली असेल तर झाकण उघडू नका.

## ३. तयारी

साहित्य कमी लागतं, पण ते नेमकं हवं. दहापट भिंग, दोन चांगले चिमटे (एक टोकदार, एक थोडा बोथट), ०.८ आणि १.० मिमीचे स्क्रूड्रायव्हर, काटे काढायच्या दोन पट्ट्या, काटे बसवायचं दांडकं, मशीन धरायचा होल्डर, पेगवुड (टोकदार लाकडी काडी), रोडिको (कचरा उचलणारा चिकट गोळा), रबरी फुंकणी, सगळ्यात बारीक ऑइलर (तेलाचा बिंदू ठेवायची सुई), बोटांच्या रबरी टोप्या. तेलात मोबियस ९०१० हे वेगाने फिरणाऱ्या आसांसाठी आणि डी-५ किंवा एचपी-१३०० हे जाड तेल ब्रेकस्प्रिंगसाठी. लायटरचं द्रव थोडंसं, धुण्यासाठी.

मशीनचा होल्डर घेताना मध्यभागी आधार देता येतो का ते बघा. टप्पा ७ पूर्णपणे त्यावर अवलंबून आहे.

जागा निवडताना सांगलीच्या हवेचा विचार करा. पंख्याखाली काम नको. मार्केट यार्डाच्या बाजूला राहत असाल तर हळदीची बारीक भुकटी खिडकीतून येतच असते. ती दात्यांच्या मुळाशी तेलात बसली की घट्ट होते. खिडकी बंद करा, टेबल ओल्या फडक्याने पुसा, अर्धा तास धूळ बसू द्या आणि मग झाकण उघडा. जुलै-ऑगस्टमध्ये उघडलेलं मशीन रात्रभर तसंच ठेवू नका. काम अर्धवट राहिलं तर काचेच्या घट्ट डबीत सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवा.

२०१९ किंवा २०२१ च्या पुरात ओल लागलेलं घड्याळ तुमच्याकडे असेल तर हा लेख इथेच थांबवा. त्यात गंज धरलेला असतो आणि गंजलेल्या आसाला स्प्रिंगचा उपाय चालत नाही. ते पूर्ण सोडवून धुणाऱ्या घड्याळजीकडे द्या.

> सावध: जुन्या घड्याळांच्या काट्यांवरची अंधारात चमकणारी पिवळसर-तपकिरी पूड रेडियमची असू शकते. ती खरवडू नका, फुंकू नका. तिचे कण सुटलेले दिसले तर रोडिकोने उचलून पिशवीत बंद करा आणि हात धुवा.

## ४. डायलच्या बाजूने: काटा आणि काच

मागचं झाकण उघडण्याआधी पुढची बाजू तपासा. अडखळणाऱ्या काट्यांपैकी बरेच इथेच बरे होतात.

भिंगातून घड्याळ आडवं, डोळ्याच्या रेषेत धरा. तासकाटा, मिनिटकाटा, सेकंदकाटा आणि काच यांच्यामध्ये प्रत्येक ठिकाणी प्रकाशाची फट दिसली पाहिजे. चावी ओढून काटे फिरवत पूर्ण बारा तासांत ही फट बघा, एकाच जागी नको. डायल किंचित फुगलेली असली तर काटा एका बाजूला मोकळा आणि दुसऱ्या बाजूला घासताना दिसतो.

काच लागते की नाही हे ओळखायचं असेल तर मशीन केसमधून काढा किंवा बेझलसह (काचेभोवतीच्या कड्यासह) काच काढा आणि घड्याळ उलट्या काचेच्या वाटीखाली दहा मिनिटं चालू ठेवा. अडखळणं थांबलं तर दोष काचेचा. चुकीच्या उंचीची प्लास्टिकची काच बसवलेली असते, किंवा काटा जास्त वर बसलेला असतो.

आता काट्याची पकड. पेगवुडच्या टोकाने काटा पुढे-मागे अगदी हलका ढकला. तो थोडा सरकला आणि जिथे सोडला तिथेच थांबला तर ठीक. सैल काटा आसावर लोळतो, ठोका बसला की आकडा सोडतो. बाजारातून घेतलेल्या काट्यांत हे नेहमी होतं, कारण भोक वेगळं असतं. सेइको एनएच-३५ या मशीनच्या सेकंदकाट्याचं भोक ०.२० मिमी आणि ईटीए २८२४ चं ०.२५. दुसऱ्याचा काटा पहिल्यावर घातला तर तो कधीच धरणार नाही. नळी चिमट्याने दाबून घट्ट करणं हा उपाय नव्हे. नळी अंडाकार होते आणि काटा डुगडुगत फिरतो. योग्य भोकाचा काटा मिळवा.

दर मिनिटाला त्याच आकड्यावर थांबणाऱ्या काट्यासाठी एक निर्णायक चाचणी आहे. काटा काढा आणि पंधरा सेकंद पुढे सरकवून परत बसवा. थांबण्याचा आकडा तोच राहिला तर डायलवर काहीतरी घासतंय. आकडाही पंधराने सरकला तर चौथ्या चाकाचा दाता वाकडा आहे किंवा त्यात कचरा आहे. ही चाचणी केल्याशिवाय दाते शोधायला मशीन उघडू नका.

> सावध: सेकंदकाटा काढताना डायलवर प्लास्टिकचा तुकडा ठेवा आणि दोन्ही पट्ट्या एकाच वेळी सारख्या उचला. एका बाजूने उचकटलं तर मधला पिनियन (काटा ज्यावर बसतो ती दात्यांची बारीक दांडी) वाकतो, आणि मग आधी नसलेलं अडखळणं सुरू होतं.

## ५. काटा कोण चालवतंय ते ओळखा

मागचं झाकण उघडा. ऑटोमॅटिक असेल तर रोटर (हात हलला की फिरणारं अर्धगोल वजन) काढा. आता मशीनच्या बरोबर मध्यभागी बघा.

काही मशीनांत चौथं चाकच मध्यभागी असतं आणि त्याच्याच आसावर सेकंदकाटा बसतो. ईटीए २८२४ आणि सेइको एनएच-३५ अशी आहेत. इथे काटा ताकदीच्या वाटेवरच असतो, त्यामुळे दात्यांमध्ये मोकळीक जाणवत नाही. अशा घड्याळात काटा अडखळला तर ताकदच अडखळतेय. टप्पा ८.

दुसऱ्या रचनेत सेकंदाचा पिनियन मधोमध एकटा उभा असतो. त्याला बाजूच्या चाकाने, बहुधा तिसऱ्या चाकाच्या वर आलेल्या आसावर बसवलेल्या चाकाने, ढकललं जातं. त्याच्यापुढे कोणतंही चाक नसतं, म्हणून तो दात्यांमधल्या मोकळ्या जागेत हवा तसा डुलू शकतो. त्याला आवरण्यासाठी वर एक पातळ पट्टीची स्प्रिंग असते, एका स्क्रूने धरलेली, जिचं मोकळं टोक पिनियनच्या डोक्यावर किंवा बाजूला टेकलेलं असतं. तीच ब्रेकस्प्रिंग. मियोटा ८२१५ चा सेकंदकाटा थबकतो अशी तक्रार याच रचनेमुळे येते, आणि जुन्या स्विस घड्याळांतही ही रचना भरपूर आहे.

या रचनेत पिनियन आणि स्प्रिंग बाहेर काढली तरी घड्याळ चालूच राहतं. म्हणूनच काटा अडखळत असतानाही वेळ बरोबर राहते. पूर्ण सर्व्हिसिंग करूनही काटा सुधारत नाही त्याचं कारणही हेच: चाकं धुतली, तेल घातलं, पण स्प्रिंग होती तशी वाकडी परत बसवली.

> तपासा: काच काढलेल्या अवस्थेत रबरी फुंकणीने काट्यावर एक हलकी फुंकर मारा. काटा थरथरत राहिला तर स्प्रिंग धरत नाहीये. जागचा हलून लगेच शांत झाला तर स्प्रिंग काम करतेय आणि दोष दुसरीकडे आहे.

## ६. ब्रेकस्प्रिंग: काढणं, साफ करणं, वाकवणं

क्रम पाळा. आधी डायलच्या बाजूने सेकंदकाटा काढा, मगच मागून स्प्रिंग आणि पिनियन. उलट केलं तर पिनियन वर ओढताना काटा डायलवर घासतो किंवा पिनियनची सुईसारखी दांडी वाकते. वाकलेली दांडी सरळ करायच्या भानगडीत पडू नका, ती तुटते.

१) चाकांचा पूल (चाकांचे आस वरून धरणारी पट्टी) सोडवायचा नसल्यामुळे मेनस्प्रिंग (चावीने गुंडाळली जाणारी मुख्य स्प्रिंग) सैल करायची सक्ती नाही. तरी सुरुवातीला ती सैल करूनच काम करा, कारण स्क्रूड्रायव्हर घसरला तर चालत्या बॅलन्सवर जातो. क्लिक (चावी उलटी फिरू न देणारा खटका) बाजूला धरा, चावी दोन बोटांत पकडून हळूहळू उलटी सोडा. झटक्यात सोडायची नाही.

२) स्प्रिंगचा स्क्रू सोडताना मोकळ्या टोकावर पेगवुडची काडी टेकवून ठेवा. ही स्प्रिंग उडते, आणि उडाली तर बहुधा सापडत नाही.

३) भिंगातून स्प्रिंगचं टोक बघा. पिनियनचं टोक जिथे घासतं तिथे चकचकीत ठिपका असणं ठीक. खळगा पडला असेल तर पिनियन त्या खळग्यात अडकून सुटतो, आणि तेच काट्याचं थबकणं असतं. हलका खळगा असेल तर स्क्रू घट्ट करताना स्प्रिंग किंचित बाजूला सरकवून टेकण्याची जागा बदलता येते. खोल असेल तर स्प्रिंग बदला.

४) पिनियन चिमट्याने वर काढा. दांडी सरळ आहे का, वरचं टोक गंजलंय का, दाते झिजलेत का ते बघा. लायटरच्या द्रवात बुडवून पेगवुडने दात्यांची मुळं साफ करा. पिनियन ज्यातून जातो त्या मधल्या नळीच्या दोन्ही तोंडांवरचं वाळलेलं तेलही पुसा. नळीत आतवर चिकटा असेल तर मधलं चाक सोडवून धुण्याशिवाय मार्ग नाही. वरून द्रव ओतून तो विरघळवायचा प्रयत्न केला तर चिकटा खाली डायलकडे उतरतो.

५) सेकंद चालवणारं बाजूचं चाक सपाट फिरतंय का ते आडवं बघून तपासा. पूर्वी कोणीतरी ते प्रेस्टोऐवजी (चाक सरळ वर उचलायच्या हत्याराऐवजी) पातं घालून उचकटलं असेल तर ते डुगडुगतं, आणि सात-आठ मिनिटांच्या फेरीने अडखळणं येतं.

६) आता दाब. स्प्रिंग हातात घेऊन मुळाशी वाकवा, टोकाशी नाही. टोक वाकवलं तर ते पिनियनवर तिरकं बसतं आणि एका कडेने खरवडतं. एका वेळी नजरेला जेमतेम कळेल एवढंच वाकवा. बसवल्यावर स्क्रू घट्ट करताना टोक पिनियनला टेकून किंचित उचललेलं दिसलं पाहिजे. नुसतं टेकलेलं असेल तर दाब कमी. पट्टी कमानीसारखी वाकली तर दाब फारच जास्त.

७) तेल. कोरडी स्प्रिंग पिनियनला धरते-सोडते, धरते-सोडते. म्हणून टेकण्याच्या जागी डी-५ किंवा एचपी-१३०० चा एकच बिंदू, ऑइलरच्या टोकाला भिंगाशिवाय दिसणार नाही एवढा. जाड तेल इथे मुद्दाम वापरायचं, कारण ते काट्याचा थरकाप शोषून घेतं. पातळ तेल पसरतं आणि नळीत उतरतं.

> सावध: दात्यांवर तेल घालायचं नाही. शिलाई मशीनचं तेल, खोबरेल, डब्ल्यूडी-४० यांपैकी काहीही मशीनजवळ नको. पेट्रोल शिंपडून "साफ" केलेल्या मशीनमध्ये जुनं तेल सगळीकडे पातळ थराने पसरतं, हेअरस्प्रिंगवरसुद्धा, आणि मग वेळही जाते.

## ७. काटा परत बसवणं, जिथे केलेलं काम वाया जातं

स्प्रिंग नीट केली, तेल दिलं, काटा बसवला, आणि अडखळणं पुन्हा तसंच. याचं कारण जवळजवळ नेहमी इथे असतं. डायलच्या बाजूने काटा दाबताना पिनियन मागच्या बाजूला सरकतो आणि ब्रेकस्प्रिंग वर ढकलतो. पातळ पट्टी तेवढ्यात कायमची वाकते. दाब गेला.

म्हणून काटा दाबण्याआधी पिनियनला मागून आधार हवा. होल्डरच्या मधल्या खुंटीवर पिनियनचं वरचं टोक टेकलं पाहिजे. खुंटी नसेल तर सपाट पितळी तुकडा किंवा ज्वेल बसवलेला आधार योग्य उंचीवर ठेवा. एवढ्यानेही स्प्रिंग मध्ये येत असेल तर वेगळा क्रम वापरा: स्प्रिंग काढून ठेवा, पिनियनला मागून आधार देऊन काटा बसवा, आणि स्प्रिंग शेवटी लावा. वेळ जास्त लागतो, पण नवशिक्याने हाच मार्ग धरावा.

तासकाटा आणि मिनिटकाटा आधी, तारीख बदलते त्या क्षणी बारावर. सेकंदकाट्याची नळी आसावर सरळ ठेवा, दांडक्याने उभा दाब द्या, आणि नळीचं वरचं तोंड आसाच्या टोकाशी सपाट आलं की थांबा. त्याच्या पुढे दाबलं तर काटा मिनिटकाट्यावर टेकतो.

> तपासा: काटा बसवल्यावर लगेच पुन्हा फुंकणीची चाचणी. थरथर नसेल तर पुढे. असेल तर काच बसवण्याआधीच स्प्रिंगकडे परत जा.

दाब जास्त झालाय का? हे बघायला टायमिंग मशीन (ठोके ऐकून वेळेचा फरक आणि बॅलन्सचा झोका मोजणारं यंत्र) लागतं. मोबाईलचं अॅप वेळेचा फरक ठीक दाखवतं, पण बॅलन्सच्या झोक्याचा अंश त्यावर विश्वासार्ह मिळत नाही. लिफ्ट अँगल (झोका मोजायला लागणारा, मशीनगणिक ठरलेला कोन) आधी बरोबर घाला: मियोटा ८२१५ ला ४९, माहीत नसेल तर ५२. डायल वर, पूर्ण चावी. आधी स्प्रिंगशिवाय आकडा घ्या, मग स्प्रिंगसह. झोका दहा-पंधरा अंशांनी उतरला तर चालेल. तीस अंशांनी उतरला तर स्प्रिंग काट्याला नव्हे, घड्याळालाच ब्रेक लावतेय; दाब कमी करा. काटा अगदी मखमली चालावा म्हणून दाब वाढवत नेण्याचा मोह होतो, आणि मग घड्याळ पहाटे बंद पडलेलं सापडतं. उभं धरल्यावर शिखरावर किंचित उडी राहिली तरी राहू द्या. या रचनेत थोडी उडी स्वाभाविक आहे.

शेवटी चाळीस तास चालवा: एक रात्र डायल वर, एक दिवस मनगटावर, मग चावी बाजूला करून उभं. चावी संपत आली तरी काटा थबकता कामा नये.

मागचं झाकण लावताना गॅस्केट (पाणी रोखणारं रबरी कडं) पुसून त्यावर सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या. कडक झालेलं किंवा चिरलेलं गॅस्केट परत वापरू नका. घरी उघडलेल्या घड्याळाची पाणी रोखण्याची चाचणी होत नाही, तोवर ते पावसात आणि नदीवर घालू नका.

## ८. वेळही चुकत असेल तर

इथे काटा दोषी नाही. ताकद चौथ्या चाकापर्यंत पुरेशी पोचत नाहीये. पूर्ण चावीवर, डायल वर असताना झोका निरोगी मशीनमध्ये साधारण २७० ते ३१० अंश असतो. तो २०० च्या खाली आला की काटा जड चालतो, टप्पे असमान दिसतात, तारीख बदलताना थांबतो.

कारणं तपासायचा क्रम असा ठेवा. आधी चुंबक (टप्पा २). मग दाते: दर ५-६ सेकंदांनी अडखळत असेल तर एस्केप व्हील भिंगाखाली, दर मिनिटाला असेल तर चौथं चाक. बऱ्याचदा दाता मोडलेला नसतो, त्याच्या मुळाशी धाग्याचा तंतू किंवा धुळीचा कण असतो, आणि रोडिकोने तो निघतो. त्यानंतर वाळलेलं तेल. आसांभोवती तपकिरी कडं दिसलं तर पूर्ण मशीन सोडवून धुवावंच लागेल, आणि चाकांचा पूल सोडवण्याआधी मेनस्प्रिंग सैल करावीच लागेल. इथे विसर पडला तर चाकं भरधाव सुटतात आणि आसांची टोकं मोडतात. सर्वात शेवटी मेनस्प्रिंग: पूर्ण चावी देऊनही झोका वर येत नसेल आणि चाकं स्वच्छ असतील तर ती थकलेली आहे, बदला.

पूर्ण धुलाईचं काम पहिल्यांदाच घरी करू नका. घड्याळजीकडे देताना मात्र नुसतं "काटा अडकतो" असं सांगू नका. टप्पा २ चा कागद द्या: दिवसाला किती मागे, कोणत्या आकड्यावर, किती वेळाने, उभं धरल्यावर काय होतं. मशीनचा क्रमांक बॅलन्सच्या जवळ किंवा रोटरखाली कोरलेला असतो, तोही लिहा. ब्रेकस्प्रिंग किंवा पिनियन मागवायचा झाला तर तो याच क्रमांकावर मिळतो, घड्याळाच्या नावावर नाही. रचना बाजूच्या चाकाची असेल तर हे स्पष्ट विचारा: स्प्रिंग काढून साफ करणार का, आणि काटा दाबताना पिनियनला मागून आधार देणार का? घड्याळ परत घेताना दुकानातच ते उभं धरून दोन पूर्ण मिनिटं काट्याकडे बघा.